सकाळचा पहिला सेल्फ

जुन्या गाडीच्या इंजिनाची एक खोड आहे. ते दिवसातून एकदाच गार असतं.

सकाळी पहिला सेल्फ मारला, गाडी खोकत-खाकरत का होईना लागली आणि चार-पाच मिनिटं चालली, की इंजिन तापतं. आणि एकदा तापलं की मघाशी हीच गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरत होती यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. त्यानंतर बोनेट उघडून तुम्ही काहीही बदला, त्याचा गुण आला की नाही हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागतो. मी पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करते. एखादा बग हाती लागत नसेल तर तोच कोड तासाभरात चाळीस वेळा चालवते, दर वेळी काहीतरी एक बदलून. पद्मिनीच्या बाबतीत चाळीस वेळा म्हणजे चाळीस दिवस. आमच्याकडे दहा होते.

पद्मिनी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८४ची. ज्यांनी ती फक्त हिंदी सिनेमात टॅक्सी म्हणून पाहिली असेल त्यांच्यासाठी सांगते. ही गाडी १९६४मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. पुढे नाव बदलत बदलत पद्मिनी झालं, पण मूळ बांधणी जवळपास तीच ठेवून ती शतक संपेपर्यंत निघत राहिली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, पुढे सोफ्यासारखी सलग सीट. सेन्सर नाही, कॉम्प्युटर तर नाहीच. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३मध्ये नोंदली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती काळी-पिवळी रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. तेव्हा ऑफिसातल्या सगळ्या मुंबईकरांनी स्टेटसला फोटो ठेवले होते. अण्णांना वेगळीच काळजी पडली. "आता सामान कुठनं मिळायचं?"

अण्णा म्हणजे माझे वडील. मी जन्मायच्या आदल्या वर्षी, १९९६ला, त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली. आमचं घर साताऱ्यात, यवतेश्वरचा डोंगर दिसतो त्या बाजूला. पाऊस तिरका येतो आणि चार महिने हलत नाही. पद्मिनीचा पत्रा जाड असला तरी ओल धरली की खालून खातो, म्हणून मृग लागायच्या आत गाडी शेडमध्ये जाते, विटांवर चढते, ताडपत्री घेते आणि नवरात्रात बाहेर येते. थंडीच्या देशांत लोक जुन्या गाड्या बर्फाच्या दिवसांत झाकून ठेवतात. आमच्याकडे हिवाळ्याला कुणी घाबरत नाही, गाड्या झाकायच्या त्या आषाढ-श्रावणासाठी. २०२५ला पाऊस मे महिन्यातच आला. २६ मेला मान्सून मुंबईत होता. गाडी चार महिन्यांपेक्षा जास्त झोपली.

आणि त्याच नवरात्रानंतर ती विकायची होती.

हा निर्णय अण्णांचाच. दोन वर्षांपासून त्यांना ऐकू कमी येतं, कानाला मशीन आहे. फेब्रुवारीत घाटात मागून एसटी बराच वेळ हॉर्न देत होती, यांना पत्ताच नाही. एसटीवाला शेजारून जाताना काय बोलला तेही ऐकू आलं नाही, पण तोंड कसं हलत होतं ते दिसलं. घरी येऊन चावी खुंटीला लावली आणि आईला म्हणाले, गिऱ्हाईक बघायला सांग पोरांना. फोनवर बोलणं तर त्यांनी त्याआधीच सोडल्यात जमा होतं. मी आणि दादा फोन करायचो तेव्हा आई स्पीकर लावायची, अण्णा लांबून "बरं आहे ना? बरं" म्हणायचे आणि उठून जायचे. मशीनमधून माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, असं आईकडून कळलं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही.

गिऱ्हाईक नाशिकचं मिळालं. चाळिशीतले गृहस्थ, एक जुनी गाडी आधीच बाळगून असलेले. दसऱ्यानंतरच्या शनिवारी येतो म्हणाले. "फक्त एक करा. मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. मला गार गाडी बघायची आहे." मी हे अण्णांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. "माणूस जाणता आहे." आणि मग, थोड्या वेळानं, "चालती गाडी द्यायची. बंद गाडी घेणारा शेवटी भंगारातच घालतो."

म्हणून मी लॅपटॉप घेऊन घटस्थापनेच्या आदल्या रात्री साताऱ्याला आले. यंदा एक तिथी वाढली होती, घट दहा दिवस बसणार होते. दहा सकाळी, आणि मग दसरा.

पहिली सकाळ बॅटरीनं खाल्ली. चावी फिरवली की नुसतं टक्. मीटर लावला तर ११.८. भरलेली बॅटरी १२.६च्या पुढे असते, बाराच्या खाली आली म्हणजे जवळपास उतरलेली. दिवसभर चार्जिंगला लावली.

दुसऱ्या सकाळी खरा आजार दिसला. इंजिन छान फिरत होतं, पण पकडत नव्हतं. सहाव्या सेल्फला लागली, तीही तीन पायांवर. चार सिलिंडरची गाडी तीनवर चालली की एक लंगडा ठेका ऐकू येतो आणि सगळी बॉडी त्या ठेक्यावर हलते. मेकॅनिक लोक याला 'मिसिंग मारते' म्हणतात. चोक आत ढकलला की कार्बोरेटरमधून शिंक आल्यासारखी 'फुस्' आणि बंद. चार-पाच मिनिटं कशीबशी रेस धरून ठेवली तर हळूहळू सगळं सुरळीत झालं, आणि नंतर दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, पहिल्या सेल्फला हजर.

आमचे मेस्त्री तिसऱ्या प्रहरी स्कूटरवरून आले. सत्तरीचे असतील. त्यांनी गाडीकडे पाहण्याआधी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. "पेट्रोल गेलंय साहेब." अण्णांनी मान हलवली. "करंट." मेस्त्री हसले. गेली पंचवीस वर्षं या दोघांचा हाच वाद चाललाय. गाडी न लागण्याची जगात दोनच कारणं, पेट्रोल किंवा करंट, आणि प्रत्येकाचा पक्ष ठरलेला.

अडचण अशी की या वेळी दोघांचंही म्हणणं लक्षणांना तंतोतंत बसत होतं.

आधी मेस्त्रींची बाजू. इंजिनात द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. गार इंजिनात वाफ कमी होते, म्हणून चोक ओढून हवा अडवायची आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं. आता पेट्रोल चार महिने पडून राहिलं तर त्यातला चटकन उडणारा भाग, म्हणजे नेमका गार इंजिनाला लागणारा भाग, आधी उडून जातो. मागे राहतं ते जड आणि चिकट, जे कार्बोरेटरच्या सुईएवढ्या जेटमध्ये वार्निशसारखं बसतं. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ई-२० पेट्रोल काही पंपांवर २०२३च्या फेब्रुवारीत आलं आणि दोन वर्षांत बहुतेक सगळीकडे पोचलं. नव्या गाडीतला कॉम्प्युटर धुराड्यातला ऑक्सिजन मोजून प्रमाण सावरून घेतो. पद्मिनीचं जेट म्हणजे पितळेला पाडलेलं भोक. ते काय सावरणार? इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच भोकातून आलेलं मिश्रण आता थोडं पातळ पडतं. शिवाय त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, ती गार इंजिनानं आणायची कुठून? आणि ते पाणी शोषतं. आमच्या भागात कुठेही नजर टाका, ऊस दिसतो. त्यातलाच थोडा आता आमच्या टाकीत होता आणि पाऊस पीत होता.

टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं तर तळाला धुरकट थर दिसला. आई ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवायची. आत्तापर्यंत या सगळ्यात तिला काडीचा रस नव्हता, पण तो थर बघून तिनं माळ्यावरून १०० मिलीचं मोजपात्र काढलं. घरात नंदादीप अखंड तेवत होता, म्हणून प्रयोग पार मागे, विहिरीच्या कट्ट्यावर. पंपावरून आणलेलं ताजं पेट्रोल तिनं ८० मिली घेतलं, त्यात २० मिली पाणी घातलं, हलवून ठेवलं आणि दहा मिनिटांनी बोलावलं. तळाचा पाण्याचा थर २०वरून ३६च्या आसपास गेला होता. "बघ. सोळा मिली इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे गेलं. ऐंशीला सोळा, म्हणजे वीस टक्के." मग जुन्या बाटलीकडे बोट. "टाकीत पाणी शिरलं की हेच होतं. आणि तुमची नळी पेट्रोल ओढते कुठून? तळातून." टाकीच्या झाकणाचं रबर कडक होऊन फाटलं होतं, ते मग सगळ्यांना दिसलं.

टाकी रिकामी केली, कार्बोरेटर खोलून जेटला हवा मारली, फ्लोटच्या वाटीतला चॉकलेटी चिकटा पुसला, ताजं पेट्रोल, नवीन रबर. मेस्त्रींच्या मते त्याच वेळी प्लग, पॉइंट आणि कंडेन्सरही बदलून टाकायला हवे होते. "एकदम करून टाकू ताई. कशाला रोज उघडायचं?" त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. गिऱ्हाईक पैसे देतं ते गाडी गेटबाहेर पडायचे. कारण सांगायचे कुणी देत नाही. पण मला कारण हवं होतं. चार गोष्टी एकदम बदलून गाडी लागली तर चौघांपैकी कुणी लावली हे कळत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर नाशिकच्या माणसानं सुरुवात कुठून करायची? अण्णांनी पेन मागितलं. १९९६पासून त्यांची एक डायरी आहे, पेट्रोल कधी भरलं, किती, किलोमीटरचा आकडा काय, सगळं त्यात. नवं पान काढून त्यांनी रकाने आखले: आज काय बदललं, कितव्या सेल्फला, मिसिंग किती वेळ. दिवसाला एकच गोष्ट. मेस्त्री स्कूटरला किक मारताना म्हणाले, "बापलेक दोघंबी सारखेच."

चौथ्या सकाळी तिसऱ्या सेल्फला लागली. पण तीन पायांवरच.

म्हणजे पेट्रोलचा वाटा होता, पण सगळा नव्हता. अण्णा बोलले काहीच नाहीत, फक्त मेस्त्रींची वाट बघत दोनदा गेटपर्यंत जाऊन आले.

आता करंटची बाजू. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जातात. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटलेले असतात तोवर कॉइलमध्ये चुंबकत्व साठत राहतं. पॉइंट उघडले की ते कोसळतं आणि हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. रोटर नावाचा फिरता तुकडा तो झटका कॅपच्या आतून ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या वायरीत सोडतो. पहिला, तिसरा, चौथा, दुसरा, असा क्रम. आमच्या भाषेत हा राउंड रॉबिन लोड बॅलन्सर आहे, फक्त बेकलाइटचा. एवढ्या व्होल्टेजला प्लगमधल्या फटीतून उडी मारण्यापेक्षा सोपी वाट दिसली तर ते तिकडे जातं. ओल ही सोपी वाट. आणि सेल्फ मारताना स्टार्टर बॅटरीला इतका ओढतो की कॉइलला १२च्या ऐवजी १०च मिळतात, म्हणजे ठिणगीची ताकद सगळ्यात कमी नेमकी तेव्हा, जेव्हा ती सगळ्यात जास्त हवी. इंजिन तापलं की ओल उडते, बॅटरी सुटते आणि दोष गायब. पेट्रोलच्या दोषासारखाच.

कुठलं सिलिंडर मेलंय ते शोधायची जुनी रीत आहे. गाडी चालू असताना रबरी मुठीच्या पकडीनं एकेका प्लगची वायर उपसायची. काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर ते सिलिंडर काम करत होतं. काही फरक पडला नाही तर तेच मेलेलं. हा फरक कानानं ओळखायचा असतो आणि घरात कान असलेली एकमेव व्यक्ती अण्णा होती. मी ऐकते तेव्हा मला नुसता आवाज ऐकू येतो. पंधरा वर्षांपूर्वी अण्णा ओट्यावर दाढी करता करता शेडमधल्या गाडीचा टॅपेट ढिला झालाय हे सांगायचे.

अण्णांनी मशीन काढून खिशात ठेवलं. उजवा तळवा मडगार्डवर सपाट ठेवला. डाव्या हातात लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक इंजिनच्या ब्लॉकला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोष मधल्या कानात आहे, आतला कान बराच शाबूत आहे. हाडातून गेलेला आवाज मधल्या कानाला वळसा घालून आत पोचतो. हे मला नंतर वाचून समजलं. अण्णांनी वाचलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि बोट वर केलं, म्हणजे काढ. मी पहिली वायर काढली. मान हलली: चालू. दुसरी: चालू. तिसरी काढली तर मान हललीच नाही. "तीन नंबर."

पाचव्या सकाळी तीच परीक्षा. या वेळी तीन नंबर ठणठणीत आणि चार मेलेला. मी परत विचारलं, मोठ्यानं, बोटं दाखवून. अण्णा चिडले. "माझा हात खोटं बोलत नाही."

मधल्या काळात प्लग पुसून झाले, पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवून फट फिलर गेजनं लावून झाली. नवा कंडेन्सरही बसवला, आणि त्यानं गाडी लागेचना, म्हणून त्याच सकाळी जुना परत आला. डब्यातून आलेली वस्तू कोरी असते, चांगली असतेच असं नाही. हे कंडेन्सरच्या बाबतीत इतकं सर्रास आहे की मेस्त्रींनी जुना फेकूच दिला नव्हता.

पण माझं डोकं त्या तीन आणि चारवर अडकलं होतं. एकच सर्व्हर रोज पडत असेल तर सर्व्हर बघावा. एकदा हा, एकदा तो असं होत असेल तर दोघांच्या मध्ये जे सामाईक आहे ते बघावं. तिसऱ्या आणि चौथ्याचा प्लग वेगळा, वायर वेगळी. ते एकत्र येतात फक्त कॅपमध्ये. आणि ठिणगीचा क्रम पहिला, तिसरा, चौथा, दुसरा असल्यामुळे कॅपवर तिसऱ्याचं आणि चौथ्याचं टोक शेजारी-शेजारी असतं.

अण्णांना मी हे डायरीच्या मागच्या पानावर वर्तुळ काढून दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "उद्या अंधारात लावू."

सहाव्या सकाळी साडेपाचला उठलो. दिवा न लावता शेडमध्ये गेलो, रात्रभर भुरभुर पाऊस होताच. आईनं आत सेल्फ मारायचा, आम्ही दोघं बोनेटपाशी. इंजिन फिरलं, आणि काळ्या कॅपच्या अंगावरून निळसर जांभळी रेघ सरपटत गेली. केसाएवढी. पुन्हा सेल्फ, पुन्हा रेघ, त्याच जागी. अण्णांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. "बघितलंस? करंट!" ते ओरडलेच. मशीन खिशात असलं की आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नाही. शेजारच्या काकू खिडकीत आल्या, त्यांना वाटलं कुणाला शॉक बसला.

उजेडात बघितलं तर चीर दिसत नव्हती. भिंग लावल्यावर तीन आणि चारच्या मध्ये पेन्सिलीनं ओढल्यासारखी एक काळी रेघ. चिरेत ओल, ओलीवर ठिणगी, ठिणगीनं जळून कार्बन, आणि कार्बन म्हणजे विजेला डांबरी रस्ताच. एखादा पावसाळा नव्हे, चार-पाच पावसाळे लागले असतील ती रेघ पडायला.

नवी कॅप दोन दुकानांत नव्हती. मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात मोडीत निघालेल्या मुंबईच्या टॅक्सींचं सामान आहे. दोन कॅप निघाल्या, एकीचं मधलं कार्बनचं टोक झिजलेलं, दुसरी बरी. पैसे घेईनात. मग अण्णांनी डायरी उघडून अंधारातल्या सकाळची नोंद त्यांच्यासमोर धरली. मेस्त्रींनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "पण टाकीत पाणी व्हतंच की."

दोघंही बरोबर होते हे मला अजूनही पूर्ण पचलेलं नाही. माझ्या कामात घोटाळा झाला की आम्ही मीटिंग घेतो आणि मूळ कारण लिहितो. एकवचनी. अहवालाच्या नमुन्यात त्यासाठी एकच चौकट असते. इथे शिळं पेट्रोल एकटं असतं तर गाडी उशिरा का होईना लागली असती, चीर एकटी असती तर थोडी लंगडून सावरली असती. दोघांनी मिळून ती बंद पाडली. आणि अजून तिसरं बाकी होतं.

सातव्या-आठव्या दिवशी पुण्याहून रिलीजचं काम आलं, मी खोलीत बसून होते. गाडी रोज सकाळी अण्णा आणि आई लावत होते. चारही पायांवर लागायची, पण चोक अर्धा आत गेला की मान टाकायची. आईनं एअर फिल्टर काढून बघितलं तर चोकची मूठ पूर्ण ओढूनही झडप शेवटच्या पाव इंचात उघडीच राहत होती. केबल ढिली. पूर्वीच्या पेट्रोलवर तेवढं चालून गेलं असेल. मिश्रण आधीच पातळ असताना नाही चाललं.

ही गोष्ट कळली तेव्हा खंडेनवमी उजाडली होती. पाटावर सगळी हत्यारं मांडलेली: पाने, पकड, तो लांब स्क्रू ड्रायव्हर, आईचा विळा, मधोमध माझा लॅपटॉप, सगळ्यांवर हळदीकुंकू आणि झेंडू. पूजेला बसलेली हत्यारं दसऱ्यापर्यंत उचलायची नसतात. अण्णा पाटासमोर उभे राहून केबलचा विचार करत होते, ते पाठीवरून दिसत होतं. शेवटी आईच म्हणाली, "आठ नंबरचा पाना घ्या. दहा मिनिटांत परत ठेवा. मी बघत नाहीये." पाना कुंकवासकट गेला आणि ग्रीससकट परत आला.

दसऱ्याला दुसऱ्या सेल्फला लागली. झेंडूचं तोरण बांधून यवतेश्वरपर्यंत गेलो आणि आलो, चालवत मी होते. अण्णा शेजारी, हात डॅशबोर्डवर सपाट.

शनिवारी नाशिकचे गृहस्थ आले. पहिल्यांदा त्यांनी बोनेटवर हात ठेवला, गार आहे ना म्हणून. अण्णांना ते फार आवडलं. मग बसून चोक ओढला, सेल्फ मारला. पहिल्याला नाही. दुसऱ्याला लागली आणि शिलाई मशिनीसारखी चालत राहिली. किमतीवरून दहा मिनिटं बोलणं झालं, आणि पावसाळ्यात टाकी भरून ठेवावी की रिकामी यावरून तासभर. ते म्हणत रिकामी, म्हणजे शिळं व्हायला पेट्रोलच नको. अण्णा म्हणत गच्च भरून, रिकाम्या टाकीत ओल धरते आणि पत्रा आतून गंजतो. आई म्हणाली, भरा, पण झाकणाचं रबर दर वर्षी बदला. सगळं मी कागदावर लिहून अण्णांपुढे धरत होते, पण अर्ध्या वेळेला त्यांना कागद लागतच नव्हता, समोरच्याचे हात बघून कळत होतं. जाताना त्यांनी दोन नंबरची कॅप, जुना कंडेन्सर आणि फिलर गेज त्या माणसाला दिलं. डायरी दिली नाही.

डिसेंबरात नाशिकला थंडी पडते ती आपल्याकडच्यासारखी नसते, पारा दहाच्या खाली येतो. एका सकाळी साडेसातला आईच्या फोनवर त्यांचा फोन आला. गाडी लागत नाही, काका आहेत का? आईनं सवयीनं स्पीकर लावला. अण्णांनी तो तिच्या हातातून घेतला, मशीन काढलं आणि फोन कानामागच्या हाडाला दाबून धरला. त्यातून त्यांना नक्की काय ऐकू येत होतं, देव जाणे. आई म्हणते बावीस मिनिटं बोलत होते. चोक पूर्ण ओढला का. कॅप कोरडी आहे का, फडक्यानं पूस. आता फोन मडगार्डवर ठेव आणि सेल्फ मार. नाही, बोनेटवर नको, मडगार्डवर.

मी संक्रांतीला घरी गेले तेव्हा डायरी चाळली. गाडी गेल्यानंतरचं पान कोरं असेल असं वाटलं होतं. तारीख टाकून, त्याच रकान्यांत लिहिलं होतं: नाशिक. गार फार. काही बदललं नाही. चौथ्या सेल्फला.